प्रार्थनास्थळासमोर वाद्ये बंद ठेवावीत

ज्यांना तासभर कानात हेडफोन घालून बसणं जमत नाही त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा लेखी मजकूर. बोलताना मी जिथे भरकटलो होतो ते थोडं कापलंय, पण सगळं नाही. कारण या भागात भरकटण्यातच बरंच काही सापडलं.

सुरुवात एका फाईलपासून करतो. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे बरीच वर्षं चिटणीस होते. भायखळ्याच्या बाजूची चाळ. दादा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना एक खाकी फाईल निघाली, वर निळ्या पेनानं लिहिलेलं ‘परवानग्या’. आत १९८३ पासूनचे कागद. पोलिसांना केलेल्या अर्जांच्या कार्बन कॉप्या, वॉर्ड ऑफिसच्या पावत्या, आणि दरवर्षी जवळजवळ तोच असलेला सायक्लोस्टाइल केलेला अटींचा कागद. मिरवणूक ठरलेल्या मार्गानेच न्यावी. अमुक वेळेत संपवावी. अश्लील गाणी लावू नयेत. जबाबदार व्यक्तींची नावं व पत्ते द्यावेत. आणि मधेच एक ओळ: मार्गावरील प्रार्थनास्थळांसमोर वाद्ये बंद ठेवावीत.

लहानपणी ही अट मी कानांनी अनुभवलीय. विसर्जनाच्या दिवशी आमच्या वाटेवर एक मशीद यायची. तिथून दीडशे पावलं आधी दादा हात वर करायचे, बेंजो थांबायचा, ताशा थांबायचा, आणि अचानक पाचशे माणसांच्या चपलांचा आवाज ऐकू यायला लागायचा. मला ते फार विचित्र वाटायचं. आता वाटतं, मिरवणुकीत मला सगळ्यात स्पष्ट आठवतो तो भाग तोच.

तर प्रश्न असा, की ही ओळ आली कुठून? दादांच्या पोलीस चौकीतल्या कारकुनानं काही ती बसून रचली नव्हती. ती त्याच्याही आजोबांच्या वेळची आहे.

थोडं मागे जाऊ. १८९३ चा ऑगस्ट. काठेवाडात प्रभासपाटणला दंगल झाली, तिचे पडसाद मुंबईत उमटले आणि ११ ऑगस्टपासून मुंबईत हिंदू-मुसलमान दंगा पेटला. त्याच्या पुढच्या वर्षा-दीड वर्षात पुण्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. एक, घरातला गणपती सार्वजनिक झाला. भाऊसाहेब रंगारींनी आधी, टिळकांनी मोठ्या प्रमाणावर, तो वाद आज नको, त्यावर प्रतिक्रियांमध्ये पुण्याचे श्रोते एकमेकांना पुरून उरतील. दुसरी गोष्ट, जी शाळेच्या पुस्तकात फारशी येत नाही: तोवर मोहरमच्या ताबुतांमध्ये हौसेनं नाचणारे, नवस बोलणारे, वाद्य वाजवणारे असंख्य हिंदू होते, त्यांनी मोहरममधून अंग काढून घ्यावं असा जोरदार प्रचार झाला, आणि तो बऱ्यापैकी यशस्वीही झाला. म्हणजे रस्त्यावरचा एक उत्सव माणसं गमावत होता तेव्हाच दुसरा माणसं कमावत होता. रस्ते मात्र तेच होते.

आणि रस्ते तेच म्हटल्यावर भांडण वाद्यांवर आलं. मशिदीवरून जाताना वाजवायचं की नाही? १८९४ च्या गणेशोत्सवात एका रात्री दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपाशी एक मेळा वाजत-गाजत आला आणि मारामारी झाली. या प्रकरणात तात्यासाहेब नातूंचं नाव पुढे आलं. सरकारची अडचण अशी होती, की कुणाची बाजू घेतली तरी दुसरा म्हणणार, सरकार पक्षपाती. मग इंग्रज अधिकारी जे करतात ते त्यांनी केलं: ‘पूर्वापार वहिवाट काय आहे’ ते विचारलं. जिथे वाजवायची वहिवाट आहे तिथे वाजवा, जिथे नाही तिथे नको.

ऐकायला किती समंजस! पण वहिवाट ठरवायची कुणी? गेल्या वर्षी कुणी ढोल वाजवला याचा पुरावा काय? त्यामुळे झालं असं, की प्रत्येकाला दरवर्षी ‘आम्ही इथून वाजवत गेलो’ हे करून दाखवणं भाग पडलं. एक वर्ष गप्प गेलात तर पुढच्या वर्षी ती तुमची वहिवाट. माझ्या मते शांतता राखण्यासाठी केलेल्या या तोडग्यानं भांडणाला दरवर्षीचं वेळापत्रक मिळवून दिलं.

कोर्टांचं काय म्हणणं होतं? इथे मद्रास आणि मुंबई चक्क दोन वेगळ्या दिशांना होत्या. सेलमच्या प्रकरणात १८८३ साली मद्रास हायकोर्टानं सांगितलं, की सार्वजनिक रस्ता कुठल्याही एका पंथाचा नाही, कायदेशीर मिरवणूक नेण्याचा हक्क सगळ्यांना आहे, मात्र समोर प्रार्थना चालू असेल तेव्हा वाद्यं थांबवायला दंडाधिकारी सांगू शकतो. मुंबई हायकोर्टाचं १८७७ चं मत तुटक होतं: सार्वजनिक रस्त्यावर तुम्हाला कुणी अडवलं तर तुमचं स्वतःचं वेगळं, विशेष नुकसान झालंय हे दाखवल्याशिवाय दिवाणी दावा चालणार नाही. म्हणजे मुंबई इलाख्यात मिरवणूकवाल्याला कोर्टाचं दार जवळपास बंद, उरले फक्त पोलीस. हा घोळ मिटला १९२० च्या दशकात, प्रिव्ही कौन्सिलमध्ये, आणि तोही उत्तरेतल्या एका शिया-सुन्नी वादात. शियांची मिरवणूक सुन्नींच्या मशिदीजवळ मातम करायला थांबते, ती थांबावी की नाही असा तो खटला. निकाल: धार्मिक मिरवणूक आपल्या विधींसह रस्त्यावरून नेण्याचा हक्क आहे, पण स्थानिक अधिकाऱ्यांचे वाहतुकीचे हुकूम, दंडाधिकाऱ्याचे आदेश आणि इतर जनतेचा रस्त्यावरचा हक्क यांच्या अधीन राहून. मुंबईचं जुनं मत बाजूला पडलं.

गंमत बघा, दादांच्या फाईलमधला सायक्लोस्टाइलचा कागद म्हणजे याच एका वाक्याचा विस्तार आहे. हक्क आहे, पण अधीन राहून. सगळी मजा आणि सगळी मारामारी त्या ‘पण’मध्ये.

आता मी तुम्हाला ज्यासाठी हा भाग केला ती गोष्ट सांगतो. मुंबईचा मोहरम.

आजच्या मुंबईकराला सांगितलं, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरातला रस्त्यावरचा सर्वात मोठा उत्सव मोहरम होता, तर त्याला खोटं वाटतं. पण एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचं कुठलंही वर्णन काढा. दहा दिवस मोहल्ल्यामोहल्ल्यात ताबूत उभे राहायचे, बांबूचे, अभ्रकाचे, रंगीत कागदाचे. कत्तलच्या रात्री ते फिरायचे, दहाव्या दिवशी समुद्रावर नेऊन थंड करायचे. आणि ताबुतांबरोबर टोळ्या. टोळी म्हणजे मोहल्ल्याची तरणी पोरं, ढोल, लाठ्या, मशाली, आणि शेजारच्या मोहल्ल्यापेक्षा आपण भारी हे दाखवण्याची खुमखुमी. रंगारी मोहल्ल्यासारख्या टोळ्यांचा दबदबा होता. यात सुन्नी जास्त, हिंदूही होते. ज्यांच्यासाठी हे दहा दिवस खरोखर शोकाचे, त्या शियांना, बोहऱ्यांना, हा धिंगाणा आवडत नसे आणि टोळ्या मुद्दाम त्यांच्या गल्ल्यांतून जात. १९०४ ला आणि १९०८ ला त्यावरून गंभीर प्रकार झाले.

वाचताना ओळखीचं वाटतंय ना? मंडळं, वर्गणी, स्पर्धा, ‘आमचा सगळ्यात उंच’, शेवटच्या रात्री जागरण, शेवटी समुद्र. मला तर ही यादी वाचून लालबाग-परळच आठवलं.

१९०९ साली मुंबईला नवा पोलीस कमिशनर मिळाला, एस. एम. एडवर्ड्स. हा पोलीस खात्यातून वर आलेला नव्हता, आयसीएसवाला. मुंबई शहराच्या गॅझेटियरवर काम केलेला, शहराच्या गल्ल्यांवर लेख लिहिणारा, माहीतगार माणूस. पुढे त्यानं मुंबई पोलिसांचा इतिहासही लिहिला, १९२३ साली आला तो. मोहरमची पुढची हकिगत आपल्याला मुख्यतः त्याच्याकडूनच कळते. आता ज्यानं कारवाई केली त्यानंच लिहिलेला हा पंचनामा, तेव्हा तो त्याच बेतानं वाचायचा.

१९११ च्या जानेवारीतल्या मोहरममध्ये जमाव आणि पोलीस यांची जुंपली, लष्कर बोलावलं गेलं, गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर एडवर्ड्सनं ठरवलं, की आता बास. आणि इथे तो खरा हुशार निघाला. त्यानं मोहरमवर बंदी घातली नाही. धर्मात हात घातला असं म्हणायची सोयच त्यानं ठेवली नाही. त्यानं फक्त नियम बदलले. ताबुताला परवाना लागायचाच, त्याच्या अटी आवळल्या. टोळ्या बंद. कुठले रस्ते खुले, कुठले बंद, ते नव्यानं ठरवलं.

आणि १९१२ पासून जुन्या थाटाचा मोहरम मुंबईत निघेनासा झाला.

तुम्ही विचाराल, का? परवाना तर मिळत होता! मिळत होता, पण ज्या उत्सवाचा जीवच मुळी टोळी घेऊन दुसऱ्याच्या मोहल्ल्यातून जाण्यात होता, त्याला मोहल्ल्यातून जायला बंदी केल्यावर उरलं काय? नुसता ताबूत सरळ हमरस्त्यानं समुद्रावर न्यायला वर्गणी कोण देणार? लोकांनी ताबूत उचलणंच सोडलं. एडवर्ड्स समाधानानं नोंदवतो, की आता लोक त्याऐवजी वाअज ऐकायला, म्हणजे मौलवींची प्रवचनं ऐकायला जमतात. बऱ्याच शिकलेल्या, प्रतिष्ठित मुसलमानांनाही हे पसंत होतं, टोळ्यांचा धुडगूस त्यांनाही नकोच होता. जिम मॅसेलोस या इतिहासकारांनी मुंबईच्या मोहरमच्या या स्थित्यंतरावर सविस्तर लिहिलंय, आवड असेल त्यांनी जरूर शोधा.

मी या गोष्टीवर बरेच दिवस अडकून होतो. कारण मला ठरवता येईना, की एडवर्ड्स बरोबर होता की चूक. गोळीबारात दरवर्षी माणसं मरू द्यायची का? नाही. बोहरा गल्लीतल्या बाईला दहा दिवस दार लावून बसायला लागावं का? नाही. पण एका शहराचा, त्यातही त्या शहरातल्या गरिबांचा, सगळ्यात मोठा उत्सव एका माणसाच्या सहीनं आणि रस्त्यांच्या यादीनं संपला हेही खरं. मेलेला उत्सव परत येत नाही. आणि आपण ‘परवानगी’ म्हणजे हो किंवा नाही असं समजतो. खरी ताकद ‘हो’च्या खाली लिहिलेल्या अटींत असते.

बरं, स्वातंत्र्य आलं. कायदा बदलला का? १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्याचं ३३ वं कलम काढून वाचा. मिरवणुका कुठल्या मार्गानं, कुठल्या क्रमानं, कुठल्या वेळी जातील ते ठरवायचे नियम पोलीस आयुक्तांनी करायचे. एडवर्ड्सनं वाचलं असतं तर त्याला घरी आल्यासारखं वाटलं असतं. पुढे ३७ वं कलम, जमावबंदीचं. ‘पंधरा दिवसांसाठी मनाई आदेश’ अशी बातमी तुम्ही दर पंधरवड्याला वाचता ना, ती याची देणगी, कारण त्याहून जास्त दिवस ठेवायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते.

पण एक बदल झाला, आणि तो अहमदाबादेतून आला. गुजरातलाही हाच मुंबईचा पोलीस कायदा लागू होता. १९६९ साली हिंमतलाल शहा यांनी सार्वजनिक सभेची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. प्रकरण सुप्रीम कोर्टात पाच न्यायाधीशांपुढे गेलं आणि सप्टेंबर १९७२ मध्ये निकाल लागला. कोर्ट म्हणालं, कलम ३३ ठीक आहे, रस्त्यावरच्या सभेसाठी आधी परवानगी घ्या असं म्हणणं हेही नियमनच आहे. पण अहमदाबादच्या आयुक्तांचा जो नियम आहे तो रद्द. का? कारण परवानगी कशाच्या आधारावर द्यायची आणि कशाच्या आधारावर नाकारायची याबद्दल त्यात एक अक्षर नाही. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सगळं. तसं चालणार नाही.

हे समजायला साधं आहे, पण फार मोठं आहे. १९१२ साली एडवर्ड्सला कुणी ‘का’ विचारू शकत नव्हतं. १९७२ नंतर ‘का’ विचारता येतं. उत्तर मिळेलच असं नाही, ते सोडा.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत अटी वाढल्या, पण त्या आता फक्त पोलिसांकडून येत नाहीत. आवाजाचे नियम २००० सालचे: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, लाऊडस्पीकरला लेखी परवानगी, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आणि ते पंधरा दिवस कुणाला मिळावेत यावर दरवर्षी जी ओढाताण चालते तो स्वतंत्र भागाचा विषय. मंडपांचं तर कोर्टानं हातीच घेतलं. ठाण्यातल्या एका डॉक्टरांच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टानं २०१६ ला सांगितलं, की रस्ता अडवणारा मंडप घालायचा मूलभूत हक्क कुणाला नाही, आणि पालिकेलाही तशी परवानगी देता येणार नाही. मंडप बघायला तहसीलदारांची पथकं फिरायला लागली. खड्ड्यांचा दंड हा त्यातला विनोदी भाग. २०२५ ला मुंबई महापालिकेनं मंडपासाठी खणलेल्या खड्ड्याचा दंड दोन हजारांवरून एकदम पंधरा हजारांवर नेला, मंडळांनी ओरड केली, दंड परत दोन हजारांवर. मोहरमच्या परवानेधारकांना असं ओरडता आलं असतं तर? त्यांच्याकडे ना मत होतं, ना नगरसेवक. गणपती मंडळांकडे दोन्ही आहे. मला वाटतं, एक उत्सव संपला आणि दुसरा टिकला यामागे भक्तीपेक्षा याचा वाटा मोठा आहे. हे काहींना आवडणार नाही, माहीत आहे.

एकदाच हा हिशेब उलटा झाला. २०२०. करोनात राज्य सरकारनं सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांवर आणली, घरच्या मूर्तीची दोन फुटांवर. लालबागच्या राजाची तर त्या वर्षी प्रतिष्ठापनाच झाली नाही, मंडळानं त्याऐवजी रक्तदान, प्लाझ्मादान केलं. कायदा कुठला वापरात होता? १८९७ चा, प्लेगच्या वर्षी केलेला साथरोग कायदा. टिळकांच्या काळातला.

आता परत फाईलकडे. १९९३ चा कागद मी मुद्दाम शोधला. डिसेंबर-जानेवारीतल्या दंगलींनंतरचा, मार्चच्या बॉम्बस्फोटांनंतरचा पहिला गणेशोत्सव. मला वाटलं होतं अटी दुप्पट असतील. अटी त्याच होत्या. फक्त ‘मार्ग’ या रकान्यात दादांनी लिहिलेला नेहमीचा मार्ग कुणीतरी लाल शाईनं खोडून दुसरा लिहिला होता, मशिदीला पूर्ण वळसा घालून जाणारा. आणि त्याला जोडलेली दादांच्या अक्षरातली अर्जाची कार्बन कॉपी. आम्ही तेथे गेली कित्येक वर्षे वाद्ये स्वतःहून बंद ठेवीत आलो आहोत, मशिदीच्या विश्वस्तांचीही हरकत नाही, तरी नेहमीचा मार्ग मिळावा, ही विनंती. खाली विश्वस्तांपैकी दोघांच्या सह्या, एक उर्दूत.

परवानगी मिळाली की नाही, ते फाईलमध्ये नाही. मी तेव्हा बाहेरगावी शिकत होतो. आईला विचारलं तर ती म्हणाली, “अरे, गेले होते तिकडूनच. थांबलेसुद्धा होते जरा जास्त वेळ.”

आता अर्ज ऑनलाइन भरतात. पोलीस, वाहतूक, अग्निशमन, पालिका, सगळं एका खिडकीत. मंडळ आता चाळीतली पोरं चालवतात, यंदा अर्ज भरताना एकानं मला फोन केला, “काका, मार्गाच्या रकान्यात काय टाकू? दादा टाकायचे तेच?” मी म्हटलं, तेच टाक. त्यानं तेच टाकलं.

तुमच्या घरी, मंडळात, दर्ग्याच्या, देवळाच्या, चर्चच्या जत्रेच्या जुन्या परवानग्या पडल्या असतील तर त्यांचे फोटो जरूर पाठवा, नावं-पत्ते झाकून. विशेषतः १९६० च्या आधीचे. आणि कुणाच्या आजोबांनी ताबूत बांधलेले असतील मुंबईत, तर त्यांच्याशी मला बोलायचं आहे. पुढचा भाग त्यावरच करायचा विचार आहे. तोवर नमस्कार.